शिलाईवालीची सहल

मी साठीची पोर होते, तेव्हा मला लोकांना शहाणं करायची भारी खाज होती. जवाहर चौकातल्या शिलाईवालीला मी एकदा भर दुकानात झापलं, "अर्धी गल्ली बेकार बसलीय, तुझ्याही नवऱ्याची नोकरी गेली, आणि तुम्ही तिकिटं काढून झुल्यांच्या पार्कात जाता?"

ती नागपूरकडची. तोंडात टाचण्या धरून बोलायची, त्यामुळे तिचा राग कधी कळायचाच नाही. डोळ्यांतला थकवा तेवढा दिसायचा. माझं प्रवचन संपेपर्यंत ती ब्लाउजची बाही टाचत राहिली. मग उरलेल्या टाचण्या तोंडातून काढून ठेवल्या आणि म्हणाली, "काकू, घरी ओरडली तं लेकरं भेतात. तिथं झुल्यात बसून पोटभर ओरडते, अन् लेकरं हसतात."