तिघींची चटणी

चाळिशीला टेकल्यावर मी इंग्रजीच्या क्लासला जायला लागले. मुलीच्या शाळेच्या ऑफिसात एक जागा निघणार होती आणि मुलाखत इंग्रजीत होती. क्लास ऐन भाकरीच्या वेळेला. माझ्या वाटच्या भाकऱ्या मोठ्या जाऊबाई थापायच्या. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. त्यांनी एक दिवस नाही म्हटलं असतं, तर माझं इंग्रजी तिथंच संपलं असतं.

सर तेव्हा तुलना शिकवत होते. गुड, बेटर, बेस्ट. घरून वाक्यं लिहून आणा म्हणाले. मी लिहिलं, बार्शी हॉट, दुधनी हॉटर, सोलापूर हॉटेस्ट. सर म्हणाले, हे सगळा वर्ग लिहितो. घरातली माणसं घ्या.

आता आमच्या घरात तुलना करायची पद्धतच नाही. शेंगाची चटणी सासूबाई, अक्का आणि मी पाळीपाळीनं कुटतो. पाहुण्यानं कुणी केली विचारलं, तर 'घरचीच आहे' एवढंच सांगायचं. सासूबाई चिमूटभर जिभेवर ठेवतात आणि तिघींच्याही चटणीला, स्वतःच्यासुद्धा, फक्त 'जमलीय' म्हणतात. या एका शब्दावर आमचं घर इतकी वर्षं शांत चाललंय. आणि मी शहाणीनं वहीत लिहून टाकलं, अक्कांची चटणी गुड, माझी बेटर, सासूबाईंची बेस्ट. सासूबाईंना वर बसवलं की आपण सुटलो, असं मला वाटलं. शिवाय इंग्रजीतलं वाचतंय कोण?

अक्का दहावी शिकलेल्या आहेत, हे मी साफ विसरले होते. दुसऱ्या दिवशी फ्रिजवरची वही घेऊन त्या ओळीवरून बोट फिरवत वाचताना दिसल्या. आता या कसल्या माझ्या भाकऱ्या थापतात, संध्याकाळचा क्लास गेला, असंच मी समजले. मी घाईघाईनं म्हणाले, खोडते, तुमची वर घेते.

"नगं. खोटं लिवू नगंस," अक्का म्हणाल्या. "तुजी माज्यापेक्षा चांगली असती, मला काय कळत न्हाय व्हय? पर आत्याबाईंची बेस्ट? मीठ तरी असतंय का त्यात?"

मला हसू आवरेना. त्या मात्र हसल्या नाहीत. बाहेरच्या खोलीतून सासूबाईंनी काय लिहिलंय म्हणून विचारलं. अक्कांनी गंभीरपणे सांगितलं की तुमचा हात तिघींत सरस आहे, असं इंग्रजीत लिहिलंय. सासूबाई अशा खुलल्या की दुपारपर्यंत गल्लीतल्या चार घरांना ती बातमी पोचली होती.

संध्याकाळी मी पिशवी उचलली तर अक्का नवी साडी नेसून, माझ्या मुलीची जुनी वही घेऊन दारात उभ्या. म्हणाल्या, मीबी येते. मी विचारलं, मग भाकऱ्या?

"सरस हात हाय की घरात. गल्लीभर सांगून बसल्यात, आता न्हाय कसं म्हनतील?"

आतून भाकरी थापल्याचा आवाज येतच होता. मला वाईट वाटलं. इतके दिवस ही बाई माझ्या भाकऱ्या थापत होती आणि तिलाही शिकायचं असेल, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, "त्या शाळंत जागा एकच हाय, का दोन?"

मी एकच म्हणाले. त्या मान हलवून भराभर पुढं चालू लागल्या, आणि मला पहिल्यांदा अक्कांची धास्ती वाटली.