सरपंचबाईंचं ऑनर्स

सरपंचबाई वर्गात बसल्या बसल्या झोपायच्या. पाठ ताठ, डोक्यावर पदर, बोटांत पेन आणि डोळे मिटलेले. पहाटे उठून स्वयंपाक, म्हशीची धार, मग फाट्यापर्यंत चालत येऊन पोखर्णीकडून येणारी जीप. परभणीच्या आमच्या कॉलेजात पोचेपर्यंत त्यांचा अर्धा दिवस संपलेला असायचा. सुरुवातीला पोरं हसली. मग सरांनीच सांगितलं, "झोपू द्या त्यांना."

वय सेहेचाळीस. बारावी लग्नाआधीच झालेली. गावचं सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं तेव्हा नवऱ्याने त्यांना उभं केलं, निवडून आणलं आणि पाच वर्षं कारभार स्वतःच पाहिला. मुदत संपली, धाकट्या लेकीचं लग्न झालं आणि बाईंनी राज्यशास्त्र घेऊन बी.ए.ला नाव घातलं. मी पिंगळीची, त्यांच्या लेकीहून लहान, त्यांच्याच बाकावर बसायचे. एकदा विचारलं, "मावशी, आता या वयात कशाला?"

"पाच वर्सं सह्या केल्या, माय. कशावर केल्या ते तरी कळू दे."

जाग्या असल्या की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "हे कुठं लिवलंय, सर?" उलटतपासणीचा सूर नसायचा त्यात. त्यांना खरंच ते पान बघायचं असायचं. शेवटी सर पंचायत राजच्या तासाला कायद्याचं पुस्तक घेऊनच येऊ लागले.

तीन वर्षांनी बहुतेक जण पदवी घेऊन गेले. कुणी पोलीस भरतीला, कुणी सासरी. ऑनर्सच्या चौथ्या वर्षाला विभागात आम्ही दोघीच उरलो. त्या वर्षी प्रकल्प लिहावा लागतो. बाईंनी विषय घेतला आपल्याच गावच्या ग्रामसभांचा. माहिती अधिकारात अर्ज करून इतिवृत्ताच्या नकला काढल्या. त्यांच्या काळात झाल्या म्हणून लिहिलेल्या कितीतरी ग्रामसभा झाल्याच नव्हत्या. अध्यक्ष म्हणून सही मात्र प्रत्येक पानावर त्यांची.

सर घाबरले. "ताई, गावाचं नाव बदलू. तुमचंही नको."

"गावाचं बदला, सर. माझं ऱ्हाऊ द्या. सही काय दुसऱ्या कुनाची न्हाई."

तो प्रकल्प मी टाईप केला. 'मी न वाचता सह्या केल्या' या वाक्याशी माझा हात थांबला. म्हटलं, "मावशी, हे जरा सौम्य करू का?"

त्या डोळे मिटून भिंतीला टेकल्या होत्या. "कर की. पन काय लिहशील?"

वाक्य तसंच राहिलं.

गावात बातमी गेली. नवऱ्याने बोलणं टाकलं. "मालक हातचं ताट घेतेत, शब्द घेत न्हाईत," त्या सांगायच्या, दुसऱ्याच कुणाच्या घरचं सांगावं तसं. उन्हाळाभर असंच चाललं. त्यांच्या डोळ्यांखाली काळं धरलं, तरी नेमून दिलेल्या दिवशी प्रकल्प सरांच्या टेबलावर होता.

विभागात पहिल्या त्या आल्या. पदवीच्या दिवशी त्यांच्या घरचं कुणी आलं नाही. माझ्या आईनेच त्यांचा गाऊन सारखा केला आणि फोटोला शेजारी उभी राहिली. नंतर बसस्टँडवर चहा घेताना मी म्हटलं, "एम.ए.ला चला ना माझ्यासोबत."

"नगं, माय. वाटलं होतं, पास झाल्यावर हलकं वाटंल. नुस्तं दमल्यावानी व्हायलंय." त्यांनी पदवीची गुंडाळी पिशवीत भाजीच्या वर ठेवली आणि जीप गाठायला निघाल्या.

गेल्या महिन्यात मी फोन केला. कापूस वेचायला गेल्या होत्या. वारा लागत होता, आवाज तुटत होता. विचारलं, मालक बोलतात का?

"बोलायलेत. कामापुरतं." मग म्हणाल्या, "गावात ग्रामसभा व्हायली आता. खरीखुरी. बाया बी यायल्यात."

"तुम्हाला बोलावतात?"

"न्हाई. मी जाते."