पावरीचा सूर तुटू नये म्हणून

साक्रीच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका पाड्यावर सुकाबाबा राहतात. जन्मभर त्यांनी पावरी वाजवली. वाळलेला भोपळा, त्याला बांबूच्या नळ्या आणि पुढे शिंगासारखा कर्णा. नाच संपेपर्यंत तिचा सूर तुटू द्यायचा नसतो. गालात साठवलेला वारा पावरीत सोडता सोडता नाकाने नवा ओढायचा, हे त्यांना वडिलांनी शिकवलं. आणि तेच वडील त्यांच्या डोळ्यांदेखत, वाजवता वाजवता गेले. सूर चिरकला, माणूस गुडघ्यांवर आला, खलास. डॉक्टर म्हणाले, हृदय. पाड्यावरचे म्हणाले, सूर तुटला, देव कोपला. सुकाला तेव्हा नुकतं मिसरूड फुटत होतं. पावरी त्याच्याकडे आली, कारण दुसऱ्या कुणाला ती येतच नव्हती.

तेव्हापासून बाबांनी एकदाही निर्धास्तपणे पावरी तोंडाला लावली नाही. लग्नात, डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात ते डोळे मिटून वाजवत. लोकांना वाटे, रंगलाय गडी. पण ते छातीत कुठे कळ उठते का, तेच चाचपत असत.

शिकायला पोरं येत. बाबा मनापासून शिकवत. पण कुणाच्या मानेच्या शिरा फुगल्या की घाबरून पावरी हिसकावून घेत. "बस व्हयनं! सोड!" त्यामुळे शिकले पुष्कळ, पण पुरता नाच कुणालाच वाजवता येईना. टिकली ती एकटी लेक, रोहिणी. ती बापाच्या माघारी ओढ्याकाठी जाऊन दम वाढवायची.

यंदाच्या उत्सवात ऊन कलत असताना बाबांना ठसका लागला. सूर थरथरला. नाचणाऱ्यांचे पाय अडखळले, म्हाताऱ्यांचे चेहरे उतरले. बाबांचे गुडघे वाकले. तेवढ्यात रोहिणीने त्यांच्या ओठांवरून पावरी काढून आपल्या ओठांना लावली.

नाच पुन्हा वेगाने फिरू लागला. बाबा जमिनीवर बसून तिच्या मानेकडे बघत होते. शिरा टरारून फुगल्या होत्या, डोळ्यांत पाणी आलं होतं. ते ओरडत उठले. रोहिणीच्या आईने, मोगराबाईने, नवऱ्याचा दंड घट्ट धरला. "राहू द्या तिले. दम शे तिनामा."

"मरी जाई ती!"

मोगराबाईने हात सोडला नाही. तिचीही नजर लेकीच्या मानेवरून हलत नव्हती.

नाच संपला तेव्हा रोहिणी धापा टाकत बापाजवळ येऊन बसली. बाबांनी तिच्या मानेवरचा घाम पुसला. मग म्हणाले, "माले भेव वाटनं."

"माले बी," ती म्हणाली. "तुमनाकडे देखीसन."

आता रोहिणीच शिकवते, आणि ती कुणाला मध्येच थांबवत नाही. पोरं अंगणात जमली की बाबा शेताची वाट धरतात. मागून सूर येत असतो. तो अचानक बंद पडला की त्यांचे पाय जागीच थिजतात. मग पोरांचं हसणं ऐकू येतं, आणि ते पुढे चालू लागतात.