बूट देणारा

टॅला या उपनगराजवळच्या टेकडीवर प्लॅस्टिकच्या ब्रशांचा स्की उतार आहे. इथे बर्फ पडतोच कुठे? तिथे भाड्याने बूट देणारा साठीचा गृहस्थ नुसते पाय बघून माप सांगतो आणि वर म्हणतो, "गुडघे वाकव, बाकी ग्रँड." ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत 'सगळं ठीक'.

यंदा शेजारी दुप्पट लांबीचा नवा उतार झाला आणि जुना उखडायचं ठरलं. मी तिथे स्की शिकायला जायचे; शेवटच्या दिवशी त्याने मला बाजूला घेतलं.

"इथल्या वीस वर्षांत मी एकदाही स्कीवरून खाली आलो नाहीये. भीती वाटते. येतेस सोबत?"

"मीच का?"

"सगळ्यात जास्त तू पडतेस."

हात धरून आम्ही निघालो आणि अर्ध्यावर दोघंही पडलो. तो उठला आणि माझी वाट न बघता उरलेला उतार एकटाच उतरला.