नांदेडचा तिसरा आग्रह

सन १९८२, ऑगस्ट महिना, श्रावण. आणि आकाशात ढगाचा तुकडासुद्धा नाही. त्याच महिन्यात लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. नांदेडच्या आमच्या सरकारी कचेरीत त्या दिवसांत फायलींपेक्षा किस्सेच अधिक साचले, कारण कोणाचेच चित्त थाऱ्यावर नव्हते. नव्या जिल्ह्याच्या कचेरीसाठी आमच्यातला एक कारकून द्यायचा होता!

आम्ही चौघे. हेडक्लार्क मोमीनसाहेब; तरुण टायपिस्ट गायकवाड; आवक-जावक पाहणारे, मूळचे निलंग्याचे वैजनाथअप्पा; आणि उर्दूतून मॅट्रिक झालेली, मराठी शुद्धलेखनाच्या चुकांसाठी बदनाम असलेली मी. आमच्यावर पुण्याहून नुकतेच आलेले साहेब.

*

नांदेडवरून निजामाचे राज्य गेले. तकल्लुफ मात्र गेला नाही. येथे पहिल्या विचारण्याला नकार द्यायचा, दुसऱ्याला आढेवेढे घ्यायचे आणि तिसऱ्या आग्रहाला मान तुकवायची. मग चहा असो की मुलीचे स्थळ.

साहेबांनी पहिल्याच दिवशी विचारले, "चहा घेणार?" आम्ही चौघांनीही "नको" म्हटले. साहेबांनी एकच कप मागवला आणि आमच्यासमोर शांतपणे संपवला!

बाहेर आल्यावर मोमीनसाहेब म्हणाले, "बाई, माणूस नेक आहे, तालीम अधुरी आहे."

*

गोदावरी इतकी आटली की घाटाच्या कधी न दिसलेल्या पायऱ्या उघड्या पडल्या. सायंकाळी लोक कुटुंबासह त्या पाहायला येत. श्रावणी सोमवारी स्नानासाठी मी वाळू तुडवीत पात्राच्या मध्यापर्यंत गेले, आणि कचेरीत येऊन पावसाच्या नावाने बोटे मोडली.

गायकवाड टंकलेखन न थांबवता म्हणाला, "पाऊस बी नांदेडचाच हाय, बाई. तीनदा बोलावल्याबिगर येनार न्हाई!"

*

कचेरीतल्या माठात एके दुपारी तळाशी पेलाभरच पाणी उरले. मोमीनसाहेब म्हणाले, "बाई, पहले आप." मी तो पेला अप्पांपुढे ठेवला. अप्पांनी गायकवाडकडे सरकवला. त्याने परत मोमीनसाहेबांकडे. पेला टेबलभर हिंडत राहिला.

तेवढ्यात डाळीचे एक व्यापारी कामानिमित्त आत आले. त्यांनी पेला उचलला, एका दमात रिकामा केला आणि म्हणाले, "थंड हाय की! अजून आना."

ते लातूरचे होते.

*

आणि मग साहेबांनी आम्हांला बोलावून विचारले, "लातूरला जायला कोण तयार आहे?"

आम्ही सर्वांनी अप्पांकडे पाहिले. निलंग्याला त्यांची आई एकटी. तिची दृष्टी जवळजवळ गेलेली. दर शनिवारी अप्पा एस.टी.ने अहमदपूरला गाडी बदलून तिच्याकडे जात आणि सोमवारी सुजल्या डोळ्यांनी कामावर येत. लातूर मिळाले तर रोज रात्री घरी! नव्या जिल्ह्याची बातमी आल्यापासून त्यांनी दुसरे काही चिंतले नव्हते.

अप्पा उठले, सदरा नीट केला आणि म्हणाले, "मला न्हाई जमायचं, साहेब."

"ठीक," साहेब म्हणाले, आणि त्यांनी दुसरी फाईल उघडली!

बाहेर येऊन अप्पा दाराकडे पाहत उभेच राहिले. "पुन्ना इचारनात का वो, बाई?"

"पुण्याची गाडी हाय, अप्पा," गायकवाड म्हणाला, "एकच हॉर्न देती!"

सायंकाळी त्याचे हसू मावळले. कोणीच तयार नाही म्हणून साहेबांनी त्याचेच नाव ठरवले. त्याची पत्नी नांदेडच्या शाळेत शिक्षिका; घरात तान्हे मूल.

*

विषय पुन्हा काढण्यासाठी मोमीनसाहेब आत गेले. आतून हवापाण्याच्या, हैदराबादच्या, साहेबांच्या वडिलांच्या प्रकृतीच्या गोष्टी बराच वेळ ऐकू येत होत्या. ते बाहेर आले.

"काढलात विषय?" मी विचारले.

"पहिल्याच भेटीत कसा काढणार, बाई?"

*

शेवटी मी गेले. "साहेब, अप्पांना लातूर हवे आहे."

"पण ते तर नाही म्हणाले!"

"एकदाच म्हणाले, साहेब."

मी रीत समजावून सांगितली. साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, ही कचेरी आहे की लग्नाचा मांडव?" तरीही त्यांनी अप्पांना बोलावले. "काय अप्पा, जाता का लातूरला?"

अप्पांचा चेहरा उजळला. "कशाला साहेब... हितं बी बरंच हाय की."

साहेबांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू खटला त्यांनी जिंकला होता! तेवढ्यात टेलिफोन वाजला आणि तिसरे विचारणे राहून गेले.

गायकवाड भडकला. "अप्पा, तुमच्या शराफतीपायी माझं घर मोडायलंय!"

"कळतंय रं," अप्पा म्हणाले. त्यांनी डबाही उघडला नव्हता. "पर तोंडातून निघतच न्हाई. आई वाढायली तरी पैल्यांदा नकोच म्हनतो मी."

*

प्रकरण मिटले ते एका शनिवारी. अप्पा एस.टी.साठी पिशवी घेऊन निघतच होते. साहेब स्वतः बाहेर आले आणि कचेरी दणाणेल अशा आवाजात म्हणाले, "अप्पा, थांबा! मी आता विचारत नाही. हा हुकूम आहे. सोमवारी सकाळी लातूरला हजर व्हायचं. नाही झालात, तर कारवाई करीन. कळलं?"

गायकवाडची बोटे टंकयंत्रावर थबकली. मोमीनसाहेब अदबीने उठून उभे राहिले.

अप्पांनी पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात जोडले आणि अगदी संकोचून म्हणाले, "एवढा आग्रह करायलाव, साहेब... तर जातो."