थेंबवालीचा कोंबडा

आळीतल्या बायका तिला थेंबवाली म्हणत. शहरातल्या दवाखान्यातून मानमोडीची लस आणायची आणि घरोघरच्या गावरान कोंबड्यांच्या डोळ्यात एकेक थेंब सोडायचा, हे तिचं काम. मानमोडी एकदा शिरली की माना पिळवटते आणि अख्खं खुराडं धुऊन नेते. थेंबवालीने काम हाती घेतल्यापासून सात वर्षं ती साथ आळीत फिरकली नव्हती. हिच्या हाताला गुण आहे, असं सगळ्या म्हणत आणि हळूहळू तिलाही ते खरं वाटू लागलं. घोडं पेंड खातं ते इथंच.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बर्फ गेला की लस गेली." यंदा तिने सकाळी आधी घरच्या अकरा कोंबड्या आणि कोंबडा उरकला. मग वाटेत जावेकडे टेकली. चहा झाला, सासूच्या उखाळ्यापाखाळ्या काढून झाल्या आणि बर्फात लस ठेवलेला थर्मास अर्धवट झाकणाने उन्हात राहिला. उघडला तेव्हा आत नुसतं कोमट पाणी. बायका तर कोंबड्या काखोटीला मारून उभ्याच. परत पाठवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. एवढ्याने काय होतंय, असं म्हणत तिने थेंब सोडले. शंभरावर कोंबड्या झाल्या.

तिसऱ्या आठवड्यात कालव्यापलीकडे मानमोडी आली.

"आपल्याला कसली भीती? थेंब घातलेत ना," असं म्हणून बायकांनी तिकडून स्वस्तात मिळालेल्या कोंबड्या खुशाल घरी आणल्या. थेंबवाली मूग गिळून बसली. एक शब्द बोलली असती तर त्या कोंबड्या आळीत आल्या नसत्या, हे तिला तेव्हाही कळत होतं.

मग पहाटेचं आरवणं कमी होऊ लागलं. अंथरुणात पडल्या पडल्या ती कान द्यायची. आधी शिंप्याचा कोंबडा गप्प झाला, मग गवंड्याचे दोन्ही. आज साऱ्या आळीत एकटा तिचाच आरवला. ती धडपडत उठली आणि त्याच्यावर डालगं पालथं घातलं. मेला त्याखालूनही आरवला.

उजाडताच पलीकडची म्हातारी दाराशी आली. तिच्या सहा कोंबड्या. अंड्यांवर घरचं तेल-मीठ चाले आणि रोज एक अंडं नातीच्या ताटात पडे. आज पदराखाली एकच कोंबडी होती, तिचीही मान वळलेली.

"पाच गेल्या गं पोरी. हिला तरी वाचव."

"आजी, आता थेंबाचा उपयोग नाही."

म्हातारीने अंगणात पाहिलं. अकराच्या अकरा दाणे टिपत होत्या.

"या बघ कशा ठणठणीत आहेत. यांना घातलास ना, त्यातलाच घाल."

थेंबवाली उंबऱ्यावर बसली. "त्यातलाच होता, आजी," ती म्हणाली. "फक्त तुमच्यापर्यंत आले तेव्हा बर्फ उरला नव्हता. मला माहीत होतं."

म्हातारीला आधी काही उमगलं नाही. मग तिने कोंबडीवर पदर ओढला आणि अंगणातल्या अकरा कोंबड्यांकडे पुन्हा एकदा पाहिलं.