फडातलं खारट हरीण

चकवा, भानामती असल्या गोष्टींवरून मी लोकांची भरपूर टिंगल केली आहे. आता तुम्ही माझी केलीत तरी तक्रार नाही...

तेलगावजवळच्या उसाच्या फडात, भर दुपारी घडलं. आमचं धनगराचं घर. ऊस तुटला की खाली पडलेल्या वाढ्यांवर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, आम्ही मेंढरं सोडतो. तोडणीवाले चारी बाजूंनी तोडत आत आले, मधे खोलीएवढा ऊस उरला आणि त्यातून एक हरीण उसळलं. शेळीएवढंही नव्हतं!

"पाडस हाय बे, धरा!" माझा मेहुणा दत्तू ओरडला.

"दत्तू, जाऊ दे त्येला!" मी ओरडलो.

तोवर त्याचा कोयता मानेत रुतला होता. रक्त माझ्या तोंडावर उडालं. असा संताप आला की दत्तूच्या कानाखाली वाजवणार होतो.

पण हरणाकडे बघून थबकलो. शिंगांना फाटे! आमच्याकडच्या काळविटांची शिंगं पिळाची असतात. मेंढराचं वय बघायच्या सवयीनं जबडा उघडला... दात झिजून हिरडीला टेकलेले. पाडस कसलं, म्हातारा नर होता तो! मोबाईलवर फोटो काढला. अंगावर पांढरी खपली होती, ती बोटानं चाखली.

"मीठ!" मी मोठ्यानं बोलून गेलो.

इथंच घात झाला. मेंढरांना चाटायला दगडावर मीठ टाकताना आम्ही हाच शब्द ओरडतो. अख्खा कळप हरणावर तुटून पडला. मधे दत्तू — तो कोलमडला आणि स्वतःच्याच कोयत्यावर पडून मांडी फाटली. मेंढरं त्याला तुडवत चाटत होती. बादशा, बाटलीनं दूध पाजून वाढवलेला माझा मेंढा, त्याच्या छातीवर चढला होता.

"दाजी, मेलो ओ!"

काठी मोडली तरी एकही मेंढरू हटेना. शेवटी कोयता उचलला... दोन घाव घातले. बादशा पडला तसा कळप उधळला. माजलगावला नेऊन टाके घातले, दत्तू वाचला.

हरीण आम्ही बांधालगत पुरलं. पुढं कॉलेजातल्या सरांना फोटो दाखवला. म्हणाले, "ही बुटकी जात समुद्रातल्या बेटांवर असते. खाडी पोहून जाते, मचूळ पाणी पिते. आपल्या देशात नाहीच. नेटवरचा फोटो ना?" केस होईल या भीतीनं मी हो म्हणालो.

समुद्र कुठं, आमचा फड कुठं! ते तिथं कसं आलं, मला आजही सांगता येत नाही. दत्तू म्हणतो, दाजींनी जीव वाचवला. पण घाव घालताना मी डाव्या हातानं बादशाचं शिंग धरलं होतं... आणि मान तुटेपर्यंत तो माझं मनगट चाटत होता.